निकेलचा हिरवा क्षार : ओळखायला शिकवले, सांभाळायला कोण शिकवणार?

बारावीपर्यंत रसायनशास्त्र शिकलेल्या कोणालाही विचारा, "निकेलचा क्षार कसा ओळखाल?" उत्तर ठरलेले असते. हिरवे स्फटिक, अमोनियायुक्त द्रावणात डायमिथिल ग्लायॉक्झाइमचे थेंब टाकले की गुलाबी-लाल अवक्षेप. पूर्ण गुण! आता दुसरा प्रश्न विचारा, "तो लाल अवक्षेप आणि उरलेले हिरवे द्रावण कोठे टाकलेत?" यावर बहुधा विद्यार्थी शिक्षकांकडे पाहतात, शिक्षक प्रयोगशाळा सहायकाकडे आणि सहायक खिडकीबाहेर.

हे आम्ही विनोदाने लिहीत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील काही कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा पाहण्याचा योग आम्हांला आला. एके ठिकाणी धुण्याचे सारे पाणी मोरीतून थेट मागच्या अंगणात, मोहाच्या झाडाच्या बुडाशी जात होते. तेथून वीसएक पावलांवर विहीर होती आणि तिचेच पाणी मुले पीत होती. शिक्षक मनापासून शिकवणारे होते. सहायक पंधरा वर्षे निगुतीने काम करणारे होते. दोघांनाही कोणी कधी काही सांगितलेच नव्हते. दोष शोधायचा तर तो त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या हाती दिलेल्या प्रात्यक्षिक पुस्तिकेकडे पाहून शोधावा लागेल. या लेखात आम्ही तेच करणार आहोत.

अकरावी-बारावीला वापरल्या जाणाऱ्या काही पुस्तिका आम्ही निकेलपुरत्या वाचून काढल्या. सगळ्यांची मांडणी जवळजवळ एकच आहे, म्हणून नावे घेण्याचे कारण नाही. निकेल भेटतो तो झिंक, मँगनीज आणि कोबाल्ट यांच्या गटात. त्याच्या वाट्याला चार ओळी येतात : रंग, टाकणखाराच्या मण्याची परीक्षा, अमोनियाची परीक्षा आणि डायमिथिल ग्लायॉक्झाइमची परीक्षा. गुणधर्मांच्या नावाखाली एक रंग, उपयोगांच्या नावाखाली काही नाही किंवा एखादी जुनी ओळ, आणि हाताळणीच्या नावाखाली पुस्तकाच्या आरंभी सर्व रसायनांसाठी मिळून एक सूचनापत्रक. विल्हेवाटीचा शब्दही नाही. या तिन्ही बाबी एकेक करून पाहू.

रंग हा गुणधर्म खरा, पण तेवढाच नव्हे

निकेल सल्फेट हा शाळा-महाविद्यालयात नेहमी दिसणारा निकेलचा क्षार. मोरचूद आणि हिराकस यांचा हा जवळचा नातेवाईक, तिन्ही सल्फेटच. "हिरवे स्फटिक" एवढे म्हणून पुस्तिका पुढे जाते. पण कोणता हिरवा? निकेल सल्फेटच्या एका रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू असतील तर स्फटिक पाचूसारखा हिरवा असतो, सहा असतील तर निळसर हिरवा. थंड द्रावणातून सात पाण्यांचा स्फटिक मिळतो. सुमारे ३१.५ अंश सेल्सिअसच्या वर सहा पाण्यांचा स्फटिक स्थिर असतो. तापवून सगळे पाणी घालवले तर हिरवा रंगच जातो आणि पिवळट भुकटी उरते. म्हणजे हा हिरवा रंग केवळ निकेलचा नाही, निकेलच्या आयनाला वेढून बसलेल्या पाण्याचाही आहे. अमोनियाने ते पाणी बाजूला सारून त्याची जागा घेतली की द्रावण गडद निळे होते, ते याच कारणाने.

आता हे आपल्या भागाला लावून पाहा. चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या भांडारात तर विचारायलाच नको. तेथे ठेवलेल्या बाटलीवर सात पाण्यांचे सूत्र छापलेले असले, तरी आत तो क्षार तसाच राहील याची खात्री नाही. स्फटिक ओलसर होतात, चिकटतात, झाकण सैल असले तर पाणी उडून जाते. सात पाण्यांच्या क्षाराचे रेणूवस्तुमान सुमारे २८१, सहा पाण्यांच्या क्षाराचे सुमारे २६३. लेबलावर विसंबून वजन केले तर द्रावण जवळजवळ सात टक्के अधिक तीव्र होते. वर्गात विचारायला किती सुंदर प्रश्न आहे हा! बाटली समोर आहे, उन्हाळा बाहेर आहे, गणित मोलचे आहे. पुस्तिकेला तो सुचत नाही, कारण तिला फक्त 'ओळखणे' हवे आहे.

तीच गत लाल अवक्षेपाची. रशियन रसायनशास्त्रज्ञ चुगायेव यांनी १९०५ साली ही परीक्षा शोधली. एका निकेल आयनाला डायमिथिल ग्लायॉक्झाइमचे दोन रेणू चार नायट्रोजन अणूंनी एकाच पातळीत पकडतात, आणि हा सपाट संयुगरेणू पाण्यात विरघळत नाही म्हणून खाली बसतो. द्रावण आम्लधर्मी असेल तर ही पकड जमत नाही, म्हणून अमोनिया घालायचा. एवढी दोन वाक्ये सांगितली असती तर "अमोनिया का?" या प्रश्नाला "पुस्तकात आहे म्हणून" असे उत्तर मिळाले नसते.

उपयोगांची यादी शिळी का वाटते?

निकेलचे नाव जर्मन खाणकामगारांच्या एका चिडीतून आले. तांब्यासारखे दिसणारे पण तांबे न देणारे खनिज म्हणजे भुताटकी, अशी त्यांची समजूत होती. त्याच जातीच्या खनिजातून स्वीडनच्या क्रोनश्टेट यांनी १७५१ साली हे नवे मूलद्रव्य वेगळे केले. आज निकेल सल्फेट दोन मोठ्या कामांसाठी लागतो. पहिले विद्युत विलेपन. सायकलच्या चकचकीत हँडलवर क्रोमच्या पातळ थराखाली निकेलचा थर असतो. तो चढवण्याचे, निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल यांचे मिश्रण वॉट्स यांनी १९१६ साली सुचवले. ते मुळात आजही तेच आहे. दुसरे काम म्हणजे पुनर्भारित होणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्यांपैकी काही प्रकारांचा धनाग्र. विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे या क्षाराची मागणी वाढली आहे. आपल्या शेजारी गोव्यात कुंकळ्ळी येथे निकेल आणि कोबाल्ट बनवणारा कारखाना आहे. तो वेदांता कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये घेतला. वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन जोडण्यासाठी निकेलच उत्प्रेरक म्हणून वापरतात.

पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा असलेला निकेल यांतल्या एकाही ठिकाणी नाही. तो त्याच्या शेतात आहे. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, गडचिरोली हा सारा धानाचा पट्टा. धानाला युरिया द्यावा लागतो. युरियाचे अमोनियात रूपांतर करते युरिएज नावाचे विकर. सम्नर यांनी १९२६ साली ते स्फटिकरूपात मिळवले. स्फटिकरूपात मिळालेले ते पहिलेच विकर. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे त्यातला धातू कोणाच्या लक्षात आला नाही. १९७५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की त्यात निकेल आहे. १९८७ साली जव या पिकावरील प्रयोगांतून निकेल हे वनस्पतींना अत्यल्प प्रमाणात आवश्यक असलेले मूलद्रव्य असल्याचे सिद्ध झाले.

म्हणजे बांधीत टाकलेला युरिया पिकाच्या कामी येतो तो निकेलच्या अणूंच्या मदतीने. हे वाक्य आम्ही वाचलेल्या एकाही पुस्तिकेत नाही.

हाताळणी : जेथे मौन धोक्याचे ठरते

आता मुख्य तक्रार. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली निकेलची संयुगे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातली. २०१२ च्या फेरआढाव्यातही तो निर्णय कायम राहिला. हा निष्कर्ष मुख्यतः निकेल शुद्धीकरणाच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांच्या अभ्यासावरून निघाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वर्षातून दोन वेळा परीक्षानळी धरणाऱ्या विद्यार्थ्याची आणि त्या कामगारांची तुलना होऊ शकत नाही. पण धोक्याचा मार्ग त्यातून कळतो : कोरडी भुकटी आणि श्वास. आता आपल्या प्रयोगशाळेतील दृश्य आठवा. एप्रिलचा उकाडा, डोक्यावर पूर्ण वेगाने फिरणारा पंखा, त्याखाली कागदावर क्षाराच्या पुड्या बांधण्याचे काम, आणि शेवटी केरसुणीने टेबल झाडणे. नेमके जे करू नये ते सर्व!

दुसरा मार्ग त्वचेचा. निकेल हे त्वचेला वावडे निर्माण करणाऱ्या पदार्थांत अग्रभागी आहे. खोट्या दागिन्यांनी कानाची पाळी चिघळते किंवा पट्ट्याच्या बकलखाली खाज सुटते, ते बहुधा घामात विरघळलेल्या निकेलमुळे. युरोपातील पाहण्यांत साधारण दहा ते पंधरा टक्के स्त्रियांना हे वावडे आढळले आहे. एकदा ते जडले की सहसा जन्मभर राहते. त्वचारोगतज्ज्ञ हे वावडे तपासण्यासाठी जो पदार्थ वापरतात तो निकेल सल्फेटच. ज्या विद्यार्थिनीच्या कानाला असा त्रास आहे तिच्या हातात आपण तोच क्षार उघडा देतो, आणि तिला विचारतही नाही. गर्भावर दुष्परिणाम होऊ शकतो म्हणून गर्भवती शिक्षिकेने किंवा सहायिकेने हा क्षार हाताळू नये, हेही कोणत्याच पुस्तिकेत नाही.

तिसरा मार्ग पोटाचा. अमेरिकेतील एका विलेपन कारखान्यात निकेल सल्फेट आणि क्लोराइड मिसळलेले पाणी चुकून पिण्याच्या नळाला आले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ते पाणी प्यायलेल्या ३२ कामगारांपैकी २० जणांना मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी असा त्रास झाला. सुदैवाने सर्व बरे झाले. त्याआधी जर्मनीत अडीच वर्षांची एक मुलगी या क्षाराचे सुमारे १५ ग्रॅम स्फटिक खाऊन दगावली होती. हिरवे चमकदार स्फटिक लहान मुलाला खडीसाखरेसारखे वाटू शकतात, आणि आपल्याकडे अनेक ठिकाणी शाळेच्या आवारातच सहायकाचे घर असते.

मोरीतून विहिरीपर्यंत

सर्वांत उपेक्षित प्रश्न टाकाऊ द्रावणाचा. यासाठी मोठे शास्त्र नको, दहावीचे गणित पुरते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे (२०१२) निकेलची मर्यादा लिटरला ०.०२ मिलिग्रॅम आहे. सहा पाण्यांच्या निकेल सल्फेटमध्ये सुमारे २२.३ टक्के निकेल असतो. म्हणजे एका ग्रॅम क्षारात २२३ मिलिग्रॅम. भागाकार करा : एक ग्रॅम क्षार ११,००० लिटर स्वच्छ पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो.

आता तीन मीटर व्यासाची एक विहीर घ्या. उन्हाळ्यात तिच्यात चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरते. ते मर्यादेला टेकवायला अडीच ग्रॅम क्षार पुरतो; चहाचा अर्धा चमचा. शंभर विद्यार्थ्यांनी वर्षाला प्रत्येकी एक ग्रॅम क्षार वापरून मोरीत ओतला, तर आकडा ११ लाख लिटरवर जातो.

हे सर्वांत वाईट टोकाचे गणित आहे. प्रत्यक्षात माती बराच निकेल धरून ठेवते; चिकण काळी माती अधिक, वालुकामय आम्लधर्मी माती कमी. विहिरीत नवे पाणीही झिरपत असते. तेव्हा कोणी घाबरून विहीर बुजवू नये. पण माती धरून ठेवते म्हणजे निकेल नाहीसा होतो असेही नाही. धातूचे विघटन होत नाही. वर्षानुवर्षे एकाच जागी ओतत राहिले तर तो तेथेच साठत राहतो.

काही मित्र म्हणतील, "अहो, ज्या चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली ८३.८८ गुणांक देऊन प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत देशात चौथे ठरवले, तेथे तुमच्या चिमूटभर क्षाराचे काय घेऊन बसलात?" आक्षेप वजनदार आहे. कारखाने, खाणी, राखेचे बंधारे यांच्यापुढे प्रयोगशाळेची मोरी क्षुल्लक आहे, हे आम्ही मान्य करतो. पण राखेच्या बंधाऱ्याचे दार आपल्या हातात नाही, मोरीचे आहे. शिवाय उद्या त्याच कारखान्यांत रसायनतज्ज्ञ म्हणून जाणार आहेत ते आपलेच विद्यार्थी. "वापरून झाले की ओतून द्या" हा धडा त्यांनी प्रथम कोठे गिरवला, याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल. आणि गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांत, जेथे ओढे, बोड्या आणि मामा तलाव यांवर गाव जगते, तेथे कारखान्याचे निमित्तही नाही.

मग निकेल काढून टाकावा का?

काही ठिकाणी असा विचार ऐकू येतो. आम्हांला तो पटत नाही. धोकादायक वस्तू दृष्टिआड करणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. मात्र दहावीपर्यंत हा क्षार विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचे कारण नाही. त्यापुढे प्रयोग ठेवावा, पण त्याचे रूप बदलावे.

पहिला बदल मापाचा. विद्यार्थ्याला कोरडा क्षार देऊ नये. शिक्षकाने पंखा बंद करून, हातमोजे घालून २.६३ ग्रॅम क्षार १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावा. हे ०.१ मोलर द्रावण झाले. प्रत्येकाला त्याचे पाच थेंब द्यावेत. पाच थेंबांत निकेल असतो दीड मिलिग्रॅमच्या आत. एक ग्रॅम कोरड्या क्षाराच्या सुमारे दीडशेव्या हिश्श्याइतका. लाल अवक्षेप तितकाच ठसठशीत दिसतो. या १०० मिलिलिटरमध्ये चारशे विद्यार्थ्यांचे काम होते, आणि ५०० ग्रॅमच्या एका बाटलीतून असे द्रावण १९० वेळा करता येते. दरवर्षी नवी बाटली मागवण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा बदल स्वच्छतेचा. सांडलेले ओल्या फडक्याने टिपावे, झाडू नये. तोंडाने पिपेट ओढू नये. प्रयोगानंतर साबणाने हात धुवावेत. बाटली कुलपात ठेवावी आणि तिच्यावर मराठीत ठळक लिहावे : 'विषारी. भुकटी उडवू नका. त्वचेला लावू नका. मोरीत ओतू नका.'

तिसरा बदल विल्हेवाटीचा, आणि आमच्या मते खरे प्रात्यक्षिक हेच. निकेलची सर्व टाकाऊ द्रावणे एका प्लॅस्टिकच्या बरणीत जमवावीत. त्यात चुन्याचे दूध थोडेथोडे घालून ढवळावे. फिनॉल्फ्थॅलिन चांगले गुलाबी होईपर्यंत घातले की निकेल हायड्रॉक्साइडचा फिकट हिरवा गाळ खाली बसतो. एक सावधगिरी हवी : अमोनिया असलेल्या द्रावणात निकेल अमोनियाशी बांधला जाऊन विरघळलेलाच राहतो. म्हणून ती द्रावणे वेगळी ठेवावीत, चुना घालून उघड्या हवेत, माणसांच्या वावरापासून दूर, अमोनियाचा वास जाईपर्यंत राहू द्यावीत आणि मगच गाळावीत.

गाळून घेतलेल्या पाण्याचे काही थेंब घेऊन त्यांवर डायमिथिल ग्लायॉक्झाइमची परीक्षा करावी. लाल दिसले तर काम अपुरे. लाल दिसले नाही तरी लगेच समाधान मानू नये, कारण थेंबावर केलेली ही परीक्षा लिटरला सुमारे तीन मिलिग्रॅमच्या खाली आंधळी होते. पिण्याच्या पाण्याची मर्यादा त्याच्या दीडशेपट खाली आहे. 'दिसत नाही' आणि 'नाही' यांतला फरक याहून चांगला कोठे शिकवता येईल? म्हणून हे पाणीही विहिरीपासून दूरच सोडावे. गाळ सुकवून, नाव व तारीख लिहून बंद डब्यात ठेवावा. वर्षाला तो मूठभरही होत नाही. तालुक्यातील महाविद्यालयांनी तो एकत्र जमवून, नागपूरजवळ बुटीबोरी येथे धोकादायक कचऱ्यासाठी असलेल्या सामायिक केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था करावी. गोंडवाना विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागांनी यात पुढाकार घेतला तर शाळांचा मोठा भार हलका होईल.

आणि ज्यांना क्षाराची बाटली उघडायचीच नाही, त्यांच्यासाठी निकेलचा एक निर्धोक प्रयोग आहे. कच्च्या सोयाबीनचे पीठ पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवा आणि निवळ घ्या. युरियाच्या द्रावणात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका. त्यात ही निवळ घाला. काही वेळाने द्रावण गुलाबी होईल आणि अमोनियाचा वास येऊ लागेल. दुसऱ्या नळीत तीच निवळ उकळून, थंड करून घाला. काही होणार नाही, कारण विकराची घडी मोडली. वरोरा-राजुऱ्याकडच्या कोणत्याही घरी सोयाबीन मिळेल, युरिया धानाच्या पट्ट्यात घरोघरी आहे. या प्रयोगातला निकेल सोयाबीनने स्वतः मातीतून वेचलेला आहे, डोळ्यांना न दिसण्याइतका.

हाच निकेल कणभर असेल तर पीक उभे राहते आणि चमचाभर असेल तर विहीर बाटते. प्रमाणाची ही जाण देणे हे रसायनशास्त्राच्या शिक्षकाचे काम. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत निकेलच्या चार ओळींखाली पाचवी ओळ घालावी : 'प्रयोग संपल्यावर हे द्रावण काय कराल?' आणि तिला गुण ठेवावेत. गुण नसलेल्या प्रश्नाची आपल्याकडे काय गत होते, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको. तोवर ती ओळ प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहावी.